अडकलेली पुंगळी : एम-१६ रायफलच्या बदनामीची पार्श्वभूमी

मे १९६७. न्यू जर्सीचे प्रतिनिधी जेम्स हॉवर्ड यांनी अमेरिकी काँग्रेससमोर व्हिएतनाममधल्या एका मरीनने (अमेरिकेच्या मरीन दलातील जवानाने) घरी लिहिलेले पत्र मांडले. खे सानजवळच्या ८८१ आणि ८६१ क्रमांकांच्या टेकड्यांवर नुकतीच घनघोर लढाई झाली होती. त्याआधी काही आठवडेच मरीन्सच्या हातातली जुनी एम-१४ काढून नवी कोरी एम-१६ दिली होती. पत्रातला मजकूर अंगावर काटा आणणारा होता. मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या शेजारी त्यांची रायफल उघडलेल्या अवस्थेत सापडली, म्हणजे ती दुरुस्त करता करताच ते गेले, असे त्यात म्हटले होते.

रायफल बंद पडण्याचे प्रकार अनेक, पण व्हिएतनाममध्ये जीव घेतला तो मुख्यतः एकाने. गोळी सुटल्यावर मागे उरलेली रिकामी पुंगळी चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीतून, बाहेरच येत नसे. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता ठोकळा, मागे जाई, येताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस उचले आणि ते आत बसलेल्या पुंगळीवर नेऊन आदळे. मग जवानाकडे एकच उपाय उरे : नळीच्या तोंडातून साफसफाईचा गज खाली घालायचा आणि पुंगळी ठोकून मागे काढायची. कित्येकांनी हा गज टेपने रायफलच्या बाजूलाच चिकटवून ठेवला होता. अंतराळात माणसे पाठवणाऱ्या देशाचे सैनिक शंभर वर्षांपूर्वीच्या ठासणीच्या बंदुकीसारखे पुढून गज मारत होते.

पुंगळी अडकते का, हे समजायला पितळेचा स्वभाव माहीत हवा. बार उडताच आतला दाब क्षणार्धात चौरस इंचाला ५०,००० पौंडांच्या आसपास जातो. पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरच्या पोलादाला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. हे चिकटणे मुद्दाम योजलेले असते. गोळी नळीबाहेर पडली की दाब ओसरतो, पितळ थोडे आकसते आणि पोलादापासून सुटे होते. त्याच वेळी एक्स्ट्रॅक्टरचा आकडा तिच्या मागच्या कडेला धरून तिला ओढून काढतो. अर्धस्वयंचलित, म्हणजे पुढचे काडतूस स्वतःच भरणाऱ्या रायफलमध्ये हे सगळे गोळीच्याच वायूच्या जोरावर आपोआप होते, सेकंदाच्या अगदी लहान हिश्श्यात. पितळ जास्त मऊ असले तर ते पुरेसे आकसत नाही. चेंबरला गंजाने खड्डे पडले असतील तर फुगलेले पितळ त्या खड्ड्यांत शिरून बसते. आणि दाब पुरता ओसरण्याआधीच बोल्टने ओढ घेतली तर पुंगळी अजून भिंतीला चिकटलेलीच असते. मग आकडा निसटतो, नाहीतर कडा फाडून मोकळा होतो.

हे दुखणे एम-१६ पेक्षा फार जुने. जून १८७६ मध्ये अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नला मूलनिवासींशी लढताना कस्टर या लष्करी अधिकाऱ्याची तुकडी कापली गेली, तेव्हा स्प्रिंगफील्ड कार्बाइनमधल्या तांब्याच्या पुंगळ्या अडकल्या आणि शिपाई त्या चाकूने उचकटत बसले, अशी कथा रूढ झाली. १९८३ मध्ये तिथले गवत जळाले आणि पुढच्या वर्षापासून पुरातत्त्वज्ञांनी रणभूमीवरच्या पुंगळ्या गोळा केल्या. उचकटल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या थोड्याच निघाल्या. दुखणे खरे होते, पण पराभवाचे सगळे खापर त्याच्यावर फोडता येण्याइतके नव्हते. जानेवारी १८८५ मध्ये सुदानातल्या अबू क्लीच्या लढाईत ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफली अशाच रुसल्या. तिथे दोष होता पितळी पत्रा गुंडाळून केलेल्या लेच्यापेच्या पुंगळीचा, शिवाय वाळू आणि उष्णता. पुढे अखंड पितळ ओढून केलेली मजबूत पुंगळी आली. तोवर हाताने बोल्ट किंवा दांडा ओढून पुंगळी काढायच्या रायफलमध्ये निदान माणसाच्या मनगटाचा जोर तरी होता. रायफल स्वतःच पुंगळी काढू लागली तेव्हा तो आधारही गेला.

अमेरिकेतल्या जॉन पेडरसन यांनी १९२० च्या दशकात यावर नामी तोड काढली होती : काडतुसांवर मेणाचा पातळ लेप. त्यांच्या रायफलमध्ये पुंगळीला आधी हलकेच सैल करून मग ओढण्याची सोय नव्हती, म्हणून ती निसटती ठेवणे भाग होते. लष्कराला मात्र लेप लावलेली काडतुसे पसंत नव्हती. धूळ चिकटेल ही धास्ती. १९३६ मध्ये स्वीकारली गेली ती जॉन गॅरंड यांची कोरड्या काडतुसांवर चालणारी एम-१. पॅसिफिकच्या दमट बेटांवर लढताना आणखी एक धडा मिळाला. जपान्यांच्या टाइप-९९ रायफलच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा होता आणि ती तिथल्या हवेत गंजत नव्हती. नंतरच्या एम-१४ च्या नळीला आणि चेंबरला अमेरिकेने क्रोमचाच मुलामा दिला. म्हणजे उपाय माहीत होता, घरातच होता.

युजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत आखलेल्या एआर-१० रायफलवरून जिम सुलिव्हन आणि रॉबर्ट फ्रेमाँट यांनी ५.५६ मिलिमीटरची हलकी एआर-१५ उतरवली. हीच पुढे एम-१६ झाली. १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्ट या बंदुका बनवणाऱ्या कंपनीकडे गेले. आधी हवाई दलाने ती घेतली. १९६३ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांच्या काळात लष्कर आणि हवाई दल मिळून लाखभर रायफलींची मागणी नोंदवली गेली. या रायफलच्या चेंबरला क्रोम नव्हता. मूळ आराखड्यात तो नाही, एवढ्या बारीक नळीला तो देणेही सोपे नाही आणि वरून बदल कमीत कमी करा असा आग्रह. नोव्हेंबर १९६५ मध्ये व्हिएतनाममधल्या इया द्रांगच्या खोऱ्यात लेफ्टनंट कर्नल हॅल मूर यांच्या तुकडीने हीच रायफल वापरली आणि मूर यांनी तिचे कौतुक केले. दीड वर्षात एवढे काय बिघडले, असा प्रश्न साहजिकच पडतो.

उत्तराचा मोठा भाग काडतुसात भरलेल्या दारूत, म्हणजे बारुदात आहे. स्टोनर यांची रायफल ड्यूपाँटच्या आयएमआर ४४७५ या नळकांडी दाण्यांच्या दारूवर बेतलेली होती. लष्कराने गोळीला सेकंदाला ३,२५० फूट वेग हवा अशी अट घातली. ठरलेल्या दाबाच्या आत राहून मोठ्या उत्पादनात हा वेग साधणे ड्यूपाँटला जमेना. १९६४ मध्ये लष्कर ऑलिन मॅथीसनच्या डब्ल्यूसी ८४६ या गोल दाण्यांच्या दारूकडे वळले. अट पुरी झाली, पण नव्या दारूमुळे नळीतला वायू बोल्टकडे वळवणाऱ्या गॅसच्या छिद्रापाशी दाब जास्त राही. बोल्ट लवकर आणि जोरात मागे येऊ लागला, म्हणजे नेमका पुंगळी अजून घट्ट असण्याच्या वेळी. मिनिटाला ८५० गोळ्यांची जी मर्यादा आखली होती ती ओलांडून काही रायफली हजाराच्या घरात पोचल्या. दारू टिकावी म्हणून त्यात घातलेले कॅल्शियम कार्बोनेट बारीक गॅसनळीत साचू लागले ते वेगळेच. एक-एक गोळी झाडली तरी सुटका नव्हती. दर गोळीला पुंगळी ओढण्याची यंत्रणा तीच.

या प्रकरणात मला सर्वांत संतापजनक वाटते ते पुढचे. नव्या दारूवर मिनिटाला ८५० गोळ्यांची मर्यादा पाळता येत नाही, हे कोल्टने लष्कराला कळवले होते. तेव्हा कारखान्यातल्या स्वीकृती चाचण्या जुन्या दारूच्या काडतुसांवर घ्यायला परवानगी मिळाली. रायफल पास होई एका दारूवर आणि लढायला जाई दुसरीवर. कागद स्वच्छ राहिले.

त्यातच, ही रायफल साफ करावी लागत नाही असा समज पसरला होता. साफसफाईचे संच, ब्रश, वंगण पुरेसे पोचलेच नाहीत. क्रोम नसलेले चेंबर, पावसाळी जंगल आणि चिखल. दोन-चार दिवस रायफल तशीच राहिली तरी चेंबरला गंजाचे ठिपके धरत. तक्रारी सुरू झाल्यावर वरून पहिले उत्तर आले की जवान हत्यार नीट ठेवत नाहीत. अर्धसत्यासारखी सोयीची गोष्ट नाही.

याच काळात रायफलच्या उजव्या अंगाला एक बटण आले, फॉरवर्ड असिस्ट. बोल्ट पुरता पुढे बसला नाही तर अंगठ्याने रेटायचे. लष्कराला ते हवेच होते. हवाई दलाला आणि स्टोनर यांना ते अनावश्यक वाटे. ते चूक की बरोबर हा वाद आजही शौकिनांत चालतो, पण अडकलेल्या पुंगळीशी त्याचा काहीच संबंध नाही. पुंगळी आत रुतलेली असताना बोल्ट पुढे रेटला तर ती आणखी घट्ट बसते. रोग काढण्याचा आणि औषध रेटण्याचे, असा हा प्रकार.

मे १९६७ मध्येच प्रतिनिधिगृहाने मिसूरीचे रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. सदस्य व्हिएतनामला जाऊन जवानांशी बोलले. ऑक्टोबरमधल्या अहवालाने दारू बदलण्याच्या निर्णयावर ठपका ठेवला. काडतुसांतले दोष दूर करण्यात अधिकाऱ्यांनी केलेली हयगय गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या काठावर जाते, इतक्या कडक शब्दांत समितीने आपले मत नोंदवले. दुरुस्त्या तोवर सुरू झाल्या होत्या. बोल्टचा वेग आवरणारा जड बफर आला. १९६७ पासून चेंबरला क्रोम मिळाला, पुढे सबंध नळीला. दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटची कमाल मर्यादा नंतर एक टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणली गेली. साफसफाईचे संच पोचले आणि जवानांसाठी कॉमिक चित्रकार विल आयझनर यांच्याकडून रंगीत चित्रांची देखभाल-पुस्तिका करवून घेतली. सुधारलेल्या एम-१६ए१ ने पुढे बरी कामगिरी केली, पण पहिल्या वर्षांची बदनामी काही पुसली गेली नाही.

इतरांनी हाच प्रश्न वेगळ्या वाटांनी सोडवला. कलाश्निकोव्हच्या ७.६२ बाय ३९ काडतुसाची पुंगळी चांगलीच निमुळती आहे. जराशी मागे सरकली की सगळ्या बाजूंनी एकदम सुटते. जर्मनीच्या जी-३ रायफलमध्ये बोल्ट दाब असतानाच मागे सरकू लागतो, म्हणून तिच्या चेंबरला लांब खाचा पाडल्या. त्यांतून वायू पुंगळीच्या बाहेरच्या अंगाने फिरतो आणि तिला भिंतीला चिकटू देत नाही. जी-३ ची पुंगळी त्यामुळेच लगेच ओळखू येते, अंगावर काळे पट्टे असतात.

बाहेर काढलेली पुंगळी बरेच काही सांगते, आणि निदान तिच्यापासूनच सुरू होते. कडा फाटलेली किंवा वाकलेली असेल तर आकड्याने पुरेपूर ओढले, पण पुंगळी हलली नाही; संशय चेंबरवर किंवा फार लवकर घेतलेल्या ओढीवर. कडेवर आकड्याची धड खूणही नसेल तर आकडा झिजलेला, त्याची स्प्रिंग कमजोर किंवा त्याखाली काजळी. अंगावर एकाच जागी पुन्हा पुन्हा उमटणारे उंचवटे म्हणजे चेंबरमधल्या खड्ड्यांचा ठसा. एकाच खोक्यातली काडतुसे अनेक रायफलींत अडकत असतील तर दोष रायफलीत शोधू नये. जिवंत काडतूस अडकले असेल तर नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून हत्यार आर्मररकडे, म्हणजे हत्यारे दुरुस्त करणाऱ्याकडे द्यायचे. तिथे गजाने ठोकाठोक करणे जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे ईशापूरला बनलेल्या ७.६२ एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) वर ज्यांनी नोकरी केली, त्यांना ‘फौरी इलाज’, म्हणजे बंद पडलेली रायफल चटकन चालू करण्याची ठरलेली कृती, पाठ असतो आणि वायू कमी-जास्त करणारा गॅस रेग्युलेटरही आठवत असतो. रायफल आळसावली की गॅस वाढवायचा. काजळीने मंदावलेल्या बोल्टला हा इलाज लागू पडतो. रुतलेल्या पुंगळीला जास्त गॅस म्हणजे नुसता जास्त जोराचा हिसका, तिथे पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) आणि चिंदीच कामाला येते. तसाच रेग्युलेटर पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने आखलेल्या इन्सास या भारतीय रायफलमध्ये आला. तिची ५.५६ ची काडतुसे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात बनत आली आहेत. इन्सासच्या नळीला क्रोमचा मुलामा आहे. कारगिलच्या थंडीत १९९९ मध्ये तिच्याबद्दल ज्या तक्रारी गाजल्या, त्यांत प्लास्टिकची मॅगझिन तडकण्याची तक्रार ठळक होती.