बिहेवियरल ॲक्टिव्हेशन

बिहेवियरल ॲक्टिव्हेशन ही डिप्रेशनवरची एक उपचारपद्धत आहे. मूड चांगला झाला की कामाला लागू असं न म्हणता आधी छोटी छोटी कामं, भेटीगाठी, हालचाल ठरवून दिवसात परत आणायची आणि मूडला त्यांच्या मागून येऊ द्यायचं, ही तिच्यातली मुख्य कल्पना. डिप्रेशनचं निदान झालेलं असेल तर ती थेरपिस्टसोबत करतात, गरज असेल तर गोळ्यांच्या जोडीने. पण नुसतंच मन उतरलंय, कशातच रस वाटत नाही, दिवस कसाबसा ढकलला जातोय अशा काळातही तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी घरच्या घरी करता येतात आणि म्हणूनच रोजच्या जगण्यातल्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की माझ्या मते सगळ्यात आधी हिच्याबद्दल सांगायला हवं, कारण सुरुवात करायला एक कागद आणि पेन पुरतं.

मन खाली कसं जातं

माणसावर काहीतरी येतं, नोकरी जाते, नातं तुटतं, आजारपण निघतं, किंवा मोठं काही न घडताही महिनोन्महिने झोप कमी आणि ओढाताण जास्त असं चालू राहतं. मग थकवा येतो आणि थकलेला माणूस साहजिकच एकेक गोष्ट सोडत जातो. आधी व्यायाम सुटतो, मग मित्रांचे फोन, मग छंद, मग आंघोळ-जेवणाच्या वेळासुद्धा. प्रत्येक गोष्ट सोडताना त्या क्षणी बरंच वाटतं, सुटलो बुवा असं वाटतं, आणि नेमकं तेच घात करतं, कारण टाळलं की सुटका होते हे अंगवळणी पडतं आणि पुढच्या वेळी टाळणं अजून सोपं जातं. पण ज्या गोष्टी सोडल्या त्यातूनच तर आनंद, चार माणसांची साथ आणि आपल्याला काहीतरी जमतंय हा विश्वास मिळत होता. तो झरा आटला की मन अजून खाली जातं, मन खाली गेलं की अजून काहीतरी सुटतं. यात आळशीपणाचा काही संबंध नाही, हे इथे ठासून सांगायला हवं, कारण घरोघरी हाच शिक्का मारला जातो आणि त्याने माणूस अजून मिटून जातो.

ही पद्धत या चक्राला कृतीच्या बाजूने हात घालते. उदास वाटू नको असं मनाला सांगून उदासी जात नाही, पण उठून दारापर्यंत जाणं बऱ्याचदा आपल्या हातात असतं.

पद्धत कशी घडत गेली

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फर्स्टर यांनी 1973 मध्ये डिप्रेशनकडे या नजरेने बघणारा लेख लिहिला. माणूस दिवसभर काय करतो, त्याचं काय करणं बंद झालंय आणि तो काय टाळतोय ते बघा, असा त्यांचा रोख होता. साधारण त्याच काळात ओरेगॉन विद्यापीठात पीटर लेविनसोन आणि त्यांचे सहकारी असं मांडत होते की आयुष्यातून सुखद अनुभव कमी झाले की डिप्रेशन येतं आणि टिकतं. त्यांच्या गटाने 320 आनंददायक गोष्टींची एक मोठी यादीच बनवली, त्यातल्या कोणत्या गोष्टी गेल्या महिन्यात केल्या आणि किती मजा आली ते माणसाने त्यात भरायचं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या कॉग्निटिव्ह थेरपीतही रोजच्या कामांचं वेळापत्रक होतं, पण तिथे ती पहिली पायरी होती, खरा भर चुकीचे विचार ओळखून बदलण्यावर. मग 1996 मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी एक फार चांगला प्रश्न विचारला, की या थेरपीतला नेमका कोणता भाग काम करतो? सुमारे 150 रुग्णांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला फक्त कृतीचा भाग दिला, दुसऱ्याला कृती आणि थोडं विचारांवरचं काम, तिसऱ्याला पूर्ण थेरपी, आणि तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. विचारांना हात न लावता नुसत्या कृतीने एवढं साधतं, हे तेव्हा बऱ्याच जणांना पटायला जड गेलं. नंतर 2006 मध्ये सिएटलमधला 241 जणांचा अभ्यास आला, त्यात ज्यांचं डिप्रेशन जास्त गंभीर होतं त्यांच्यात ही पद्धत औषधाच्या तोडीस तोड ठरली आणि कॉग्निटिव्ह थेरपीपेक्षा सरस निघाली.

त्यापुढचे दोन अभ्यास मला जास्त महत्त्वाचे वाटतात. इंग्लंडमध्ये 440 जणांवर केलेला, 2016 मध्ये आलेला अभ्यास सांगतो की थोडं प्रशिक्षण घेतलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी ही पद्धत दिली तरी ती मुरलेल्या थेरपिस्टने दिलेल्या सीबीटीपेक्षा (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि कृती दोन्हींवर काम करणारी) कमी पडली नाही, शिवाय खर्चही कमी आला. आणि 2017 मध्ये आलेल्या गोव्यातल्या अभ्यासात प्राथमिक आरोग्य केंद्रांमधल्या 495 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत याच पद्धतीवर बेतलेली 6 ते 8 सेशन दिली गेली, देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र शिकलेलेही नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती, आणि तरी नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा हे रुग्ण जास्त सुधारले. मानसोपचारतज्ज्ञ जिथे मिळतच नाहीत तिथे याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

प्रत्यक्षात काय करतात

पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचं नसतं, फक्त लिहायचं. दर तासाला काय केलं आणि तेव्हा मूड 0 ते 10 मध्ये कितीवर होता. एक कागद समजा असा भरला जातो: सकाळी 8 ते 10 अंथरुणातच फोन, मूड 2. सव्वादहाला आंघोळ, 4. मग 11 ते 1 परत पडून राहणं, धड झोप नाही धड जाग नाही, 2. दुपारी शेजारचं लहान मूल आलं, त्याच्यासोबत पंधरा मिनिटं चित्र रंगवलं, 5. संध्याकाळी 7 ते 11 फोन, 1.

आता हा माणूस विचारलं तर सांगेल की माझे सगळेच दिवस सारखे वाईट जातात, आणि त्याला ते खरंच तसंच वाटत असतं. पण कागद वेगळं सांगतो. मूड हलला, दोनदा वर आला, आणि तो कशाने आला आणि कशाने पडला हे त्याच्याच अक्षरात समोर आहे. चार तास फोन बघणं चांगलं की वाईट असा उपदेश इथे कोणी करत नाही, शेवटचा आकडा 1 आहे एवढंच दिसतं आणि ते पुरेसं असतं.

मग ठरवणं सुरू होतं. कामं निवडताना तीन गोष्टींचं मिश्रण बघतात: ज्यात मजा येते असं काही, जे पुरं केलं की झालं बुवा एकदाचं असं वाटेल असं काही, आणि ज्यात दुसरं माणूस आहे असं काही. आणि ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचं असायला हवं, दुसऱ्याच्या यादीतून उचललेलं फार दिवस टिकत नाही.

इथे सगळ्यात जास्त गडबड होते ती आकाराची. घर आवरायचं असं ठरवलं की ते होत नाही, आणि झालं नाही की बघा मला एवढंही जमत नाही म्हणून मन अजून खचतं. म्हणून काम इतकं लहान करायचं की वाईटातल्या वाईट दिवशीही होईल. सिंक भांड्यांनी भरलंय ना, मग आज फक्त ग्लास धुवायचे, बाकीची तशीच राहू दे. मैत्रिणीचा मेसेज कधीपासून पडून आहे आणि उत्तर द्यायची आता लाज वाटतेय, तर लांबलचक खुलासा नको, "उशीर झाला गं, तब्येत बरी नव्हती, तुझी आठवण येते" एवढंच टाइप करून पाठवायचं. कधी आणि कुठे तेही आधीच ठरवायचं, "उद्या चालायला जाईन" यापेक्षा "उद्या सकाळी 8 ला बूट घालून गेटपर्यंत जाऊन येईन" हे होण्याची शक्यता जास्त. आणि वेळ झाली की मूड आहे का हे मनाला विचारत बसायचं नाही, कारण अशा काळात उत्तर नाहीच येतं.

अजून एक साधी गोष्ट खूप उपयोगी पडते. काम करण्याआधी लिहायचं की यात किती बरं वाटेल, आणि केल्यावर लिहायचं की प्रत्यक्षात किती वाटलं. उदास मन आधीचा आकडा फार कमी धरतं, आधी 1 लिहिलेलं असतं आणि नंतर 3 येतो. 3 म्हणजे काही फार नाही, पण असं चार-पाच वेळा कागदावर दिसलं की "काही उपयोग होणार नाही" या आतल्या आवाजावर आंधळा विश्वास राहत नाही. काम झालंच नाही तर स्वतःला बोल लावायचा नाही, आड काय आलं ते बघायचं आणि पुढच्या वेळी ते अजून अर्धं करायचं.

बिझी राहा म्हणजे झालं, असा याचा अर्थ बरेच लोक लावतात. तो चुकीचा आहे. एक अवघड फोन करायचा नाही म्हणून दिवसभर कपाटं आवरत बसणं हेही टाळणंच आहे, वरून ते काम दिसतं एवढंच.

तेच तेच घोळवत राहणं

असं का झालं, माझंच का, मी असं बोललो नसतो तर, हे तासन्तास डोक्यात घोळवणं म्हणजे विचार करणं असं वाटतं, पण बऱ्याचदा त्यातून निर्णय एकही निघत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी याचा फार बारकाईने अभ्यास केला. 17 ऑक्टोबर 1989 ला सॅन फ्रान्सिस्को परिसरात मोठा भूकंप झाला, आणि योगायोग असा की स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाची मनःस्थिती आणि विचार करायची सवय त्यांनी त्याच्या थोडे दिवस आधीच नोंदवून ठेवली होती. भूकंपानंतर परत बघितलं तर ज्यांना आधीपासून घोळवायची सवय होती त्यांच्यात उदासीची लक्षणं जास्त होती. बिहेवियरल ॲक्टिव्हेशनमध्ये या घोळवण्यालाही एक कृतीच धरतात: ते कधी सुरू होतं, कुठे बसल्यावर होतं, त्यामुळे काय टाळलं जातं. मग त्या वेळी हात-पाय-डोळे गुंतवणारं काहीतरी करायचं, आणि विचार आला तरी लक्ष परत हातातल्या कामावर, पाण्याच्या स्पर्शावर, बाहेरच्या आवाजांवर आणायचं.

कुठे काळजी घ्यावी

ही पद्धत सगळ्याला पुरत नाही. मरण्याचे विचार येत असतील, खाणं-झोप पार बिघडली असेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ उदासी असेल तर डॉक्टरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं, आणि मरण्याचे विचार असतील तर त्याच दिवशी, जवळच्या माणसाला सांगून, त्याला सोबत घेऊन. थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, बी-12 ची कमतरता यातही असाच थकवा आणि उदासपणा येऊ शकतो, तेव्हा तपासण्या करून घेणं शहाणपणाचं. चालू असलेल्या गोळ्या बरं वाटायला लागलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. बायपोलर आजार (ज्यात मूड कधी फार खाली तर कधी अति वर जातो) असणाऱ्यांनी कामं वाढवताना तज्ज्ञाला विचारूनच वाढवावीत. घरात मारहाण होतेय, डोक्यावर कर्ज आहे, कामाच्या ठिकाणी छळ चालूय अशा वेळी आधी त्या गोष्टीवर मदत मिळायला हवी, तिथे नुसतं फिरून ये म्हणणं म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे.

घरच्यांनी काय करावं

"ऊठ, काहीतरी कर" हे वाक्य सोडून द्यावं, त्यातून फक्त अपराधीपणा येतो. "मी खाली चक्कर मारायला जातेय, दहा मिनिटांत येऊ, चल" असं म्हणून सोबत निघणं जास्त कामाला येतं, आणि नाही म्हटलं तर रुसू नये, उद्या परत विचारावं. त्या माणसाची सगळी कामं प्रेमापोटी आपल्याच अंगावर घेणंही हळूहळू नुकसान करतं, त्याच्याकडे एखादं लहानसं काम राहू द्यावं, झाडांना पाणी घालण्याइतकं. ते झालं की फार कौतुकही नको, झालं का, बरं झालं, एवढं पुरतं, कारण मोठ्ठं कौतुक ऐकून आपण किती खाली गेलोय हेच त्याला परत जाणवू शकतं.