आधारचा बारावा अंक

शाळेच्या प्रवेश अर्जात किंवा बँकेच्या अॅपमध्ये आधार क्रमांक भरताना एखादा अंक चुकला, की बऱ्याचदा 'क्रमांक अवैध' असा शेरा लगेच येतो. त्यासाठी सरकारी नोंदी धुंडाळाव्या लागत नाहीत. बारावा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. तो जुळला नाही, की लिहिण्यात गफलत झालेली असते.

असा पडताळणीचा अंक जोडण्याची युक्ती जुनी आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये एका रीतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. बँकांची कार्डं आजही तीच वापरतात. एकाआड एक अंक दुप्पट करायचा, दोन अंकी उत्तर आलं तर त्यातल्या अंकांची बेरीज घ्यायची, आणि एकूण बेरजेला दहाने पूर्ण भाग जाईल असा शेवटचा अंक ठेवायचा. पण ०९ ऐवजी ९० लिहिलं तर? नवाची दुप्पट १८, एक अधिक आठ पुन्हा नऊच. बेरीज तीच राहते आणि चूक निसटते.

शेजारचे अंक उलटे पडणं ही तर हाताची नेहमीचीच सवय. दहाच अंक वापरून अशा सगळ्या अदलाबदली पकडणं अशक्य, असं तेव्हा मानलं जाई. डच गणिती याकोबस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये ते करून दाखवलं, आणि तेही साधी बेरीज सोडून देऊन!

सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेला पुठ्ठ्याचा एक पंचकोन कापून घ्या. तो पाच प्रकारे फिरवता येतो आणि पाच प्रकारे पालथा घालता येतो. एकूण दहा हालचाली, म्हणजे शून्य ते नऊ. आधी फिरवून मग पालथा घातला, तर आधी पालथा घालून मग फिरवण्यापेक्षा तो वेगळा बसतो. म्हणूनच व्हेरहूफ यांच्या कोष्टकात १ आणि ५ मिळून ६ होतात, पण ५ आणि १ मिळून ९. क्रम बदलला की उत्तर बदलतं, हेच तर हवं होतं. नुसत्या फिरवण्यांना मात्र क्रमाचा फरक पडत नाही, म्हणून स्थानानुसार अंक बदलून घेण्याची जोड त्यांनी दिली. मला या सगळ्यात हीच जागा सर्वांत सुंदर वाटते.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा हीच रीत वापरात आली. क्रमांक कुणाचा, खरोखर दिलेला आहे की नाही, हे बाराव्या अंकावरून कळत नाही. त्यासाठी नोंदच तपासावी लागते.