नेटवर्क केबलची श्रेणी

संगणक, राउटर, स्विच, टीव्ही, कॅमेरा ही उपकरणे तारेने जोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या केबलची प्रतवारी. बाजारात ती ‘कॅट फाइव्ह-ई’, ‘कॅट सिक्स’, ‘कॅट सिक्स-ए’ अशा नावांनी चालते. कॅट म्हणजे कॅटेगरी. आकडा वेगाचा आहे असा बहुतेकांचा समज असतो, पण तो कसोटीचा आहे. किती वारंवारतेपर्यंतचा संकेत केबल धडपणे वाहून नेते, हे त्यावरून कळते.

केबलच्या आवरणाखाली आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्यांमध्ये पिळलेल्या. पिळाची ही युक्ती टेलिफोनच्या काळातली आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने तिचे पेटंट १८८१ साली घेतले. पीळ दिल्यामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांना सारखाच लागतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होतो. एका जोडीतला संकेत दुसरीत झिरपणे म्हणजे क्रॉसटॉक. तो टाळण्यासाठी चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळ्या घट्टपणाचा ठेवतात. वरच्या श्रेणीच्या केबलमध्ये पीळ अधिक घट्ट, तार किंचित जाड आणि पुष्कळदा मधोमध प्लॅस्टिकचा चौफुलीसारखा दांडा असतो.

कॅट फाइव्ह-ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते. १०० मीटर अंतरावर ती सेकंदाला १ गिगाबिट (१००० मेगाबिट) वेग देते आणि २०१६ च्या मानकानुसार २.५ गिगाबिटही. कॅट सिक्सची मर्यादा २५० मेगाहर्ट्झ आहे; तिच्यावर १० गिगाबिट चालतो, पण साधारण ५५ मीटरपर्यंतच, आणि अनेक केबली एकत्र बांधलेल्या असल्या तर त्याहूनही कमी. पूर्ण १०० मीटरवर १० गिगाबिट हवा असेल तर ५०० मेगाहर्ट्झची कॅट सिक्स-ए घ्यावी लागते. कॅट सेव्हन ही युरोपीय वळणाच्या आंतरराष्ट्रीय मानकातली श्रेणी. अमेरिकी टीआयए मानकाने ती स्वीकारलेली नाही, आणि तिच्यासाठी ठरवलेला जॅकही नेहमीचा आठ पिनांचा आरजे-४५ नव्हे. त्यामुळे आरजे-४५ लावलेल्या, चपट्या ‘कॅट सेव्हन’ वायरी ऑनलाइन स्वस्तात मिळतात तेव्हा त्यातले ‘सेव्हन’ नावापुरतेच समजावे. कॅट एट २५ ते ४० गिगाबिटची आहे, पण ३० मीटरपर्यंतच. नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत, यंत्रे ठेवायच्या एका रॅकपासून शेजारच्या रॅकपर्यंत तिचे काम; घरात तिला काही काम नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत इंटरनेट आता बहुधा फायबरने घराच्या दारापर्यंत येते आणि दाराशेजारच्या डबीत संपते. प्रश्न त्यापुढच्या दहा-पंधरा मीटरचा. घोडबंदर रस्त्यावरच्या अनेक नव्या टॉवरांत भिंती विटांच्या नसून मायवान पद्धतीने, म्हणजे धातूच्या साच्यांत ओतलेल्या सळईबंद काँक्रीटच्या आहेत. अशा दोन भिंतींपलीकडच्या खोलीत वायफाय धाप टाकते, म्हणून केबल लागते. आणि त्याच भिंतींना झिरी पाडता येत नाही, म्हणून भिंत ओतताना जो पाईप आत राहिला तोच काय तो मार्ग. कॅट फाइव्ह-ईचा व्यास पाच मिलिमीटरच्या आसपास, कॅट सिक्सचा सहाच्या, तर कॅट सिक्स-एचा सात-आठ. वीस मिलिमीटरच्या पाईपात दोन कोपरे असतील आणि आधीच टीव्हीची कोअ‍ॅक्स पडलेली असेल, तर कॅट सिक्स-ए मध्येच अडकते. जोर लावून ओढली तर आतला पीळ उसवतो आणि विकत घेतलेली श्रेणी पाईपातच संपते. दोन-तीन खोल्यांच्या घराला कॅट सिक्स पुरेशी आहे, हे मत त्यामुळे केवळ काटकसरीचे नाही: पंधरा मीटरवर ती १० गिगाबिटही पेलते. घरात चांगल्या तांब्याची कॅट फाइव्ह-ई आधीच टाकलेली असेल तर ती उपटण्याचेही कारण नाही. जुन्या नौपाड्यात किंवा वाशीच्या सिडको इमारतींत एमटीएनएलच्या फोनसाठी टाकलेला पाईप सापडतो. त्यातली दोन तारांची फोनवायर इथरनेटच्या, म्हणजे तारेवरच्या नेटवर्कच्या कामाची नसते, पण नवी केबल ओढायला दोरी म्हणून ती फार छान चालते.

श्रेणीपेक्षा मोठी फसगत धातूची असते. स्वस्त केबलच्या तारा अ‍ॅल्युमिनियमच्या आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात. खोक्यावर ‘सीसीए’ (कॉपर क्लॅड अ‍ॅल्युमिनियम) असे बारीक अक्षरांत छापतात किंवा छापतही नाहीत. अशा केबलला मानकात जागाच नाही, मग आवरणावर कॅट सिक्स लिहिलेले असो. तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो, ती वाकवली की तुटते, आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ती सर्वांत वाईट: २०१८ च्या मानकाप्रमाणे केबलमधून ९० वॅटपर्यंत वीज सोडता येते आणि जादा रोधाची उष्णता होते. ओळख सोपी आहे. एक तार सोलून ब्लेडने खरवडायची. आत चंदेरी दिसली तर अ‍ॅल्युमिनियम, तांबूस राहिली तर तांबे. ३०५ मीटरचा खोका उचलून पाहिला तरी कळते. तांब्याचा खोका हाताला जड लागतो, आणि खिशालाही.

दुसरी फसगत टोकाशी होते. इंटरनेटचा प्लॅन ३०० मेगाबिटचा आणि लॅपटॉपवर काटा ९४-९५ वर थांबलेला, ही तक्रार ठाण्यात घरोघरी ऐकू येते. कंपनीला शिव्या घालण्याआधी जॅक पाहावा. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, म्हणजे पिना १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जॅकमध्ये नीट बसली नाही तर दोन्ही टोकांची उपकरणे मुकाट्याने १०० वर तडजोड करतात. दिवा लागतो, इंटरनेट चालते, कोणाला संशय येत नाही. जॅक कापून नवा क्रिंप करायचा, म्हणजे तारा क्रमाने घालून पक्कडीने दाबायचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम हाच. जोड्यांचा पीळ तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही; कारागीर घाईत सरळ दोन इंच उलगडतात.

फॉइल किंवा जाळीचे कवच असलेली केबल वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतल्या इलेक्ट्रिक मोटर आणि वेल्डिंग यंत्रांच्या शेजारी उपयोगी पडते, पण कवचाला अर्थिंग मिळाले तरच. घरात साधी बिनकवची केबल विजेच्या वायरीपासून थोडी दूर, वेगळ्या पाईपातून न्यावी. गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून जाणारी केबल काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची हवी. घरातले राखाडी पीव्हीसी उन्हाने तडकते आणि पावसात पाणी आत शिरते. दोन इमारतींमध्ये मात्र तांबे ताणूच नये. केबलवाल्यांनी एकेकाळी गच्ची ते गच्ची कॅट फाइव्ह लोंबकळत नेली होती, आणि जूनमध्ये वीज कडाडली की राउटरचे पोर्ट जळत. तेथे फायबरच टाकावे, काच वीज वाहत नाही.

पाईपात केबल ओढताना सोबत नायलॉनची एक दोरी आत सोडतात, पुढची केबल तिला बांधून आणता यावी म्हणून. ती ओढताना आणखी एक दोरी बांधायला विसरले की पाईप पुन्हा बिनदोरीचा.