चार अलार्म, चार घराणी

खिशाला अडकवलेला मल्टी-गॅस मीटर ओरडला की बहुतेकांचा हात आधी बटणाकडे जातो आणि डोळे नंतर पडद्याकडे. पडद्यावर सहसा चार आकडे असतात: ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. एका डबीत नांदतात म्हणून ते एका कुळातले वाटतात, पण तसे नाहीत.

25 मे 1812 रोजी उत्तर इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि 92 जण गेले. 1815 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी जाळीचा सुरक्षा दिवा केला. तो उजेडासाठी होता, पण खाणकामगार त्याची ज्योत वाचायला शिकले. वात बारीक केली की ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसे. खाणीतला ज्वालाग्राही वायू मिथेन जितका जास्त, तितकी ती उंच. ज्योत मंदावून विझली, तर ऑक्सिजन कमी. आजच्या मीटरचे पहिले दोन आकडे असे एकाच ज्योतीत होते.

कार्बन मोनॉक्साइड मात्र तिला कळत नसे. 1896 मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीतल्या स्फोटाचा अभ्यास करताना शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांना दिसलं, की बरेच जण स्फोटाने नव्हे तर मागे उरलेल्या या वायूने गेले. चिमुकल्या प्राण्यावर त्याचा परिणाम माणसाच्या आधी होतो, म्हणून त्यांनी कॅनरी ही छोटी पाखरं सुचवली. ब्रिटिश खाणींत 1911 पासून ती वापरात होती. पक्षी कोसळला की पिंजऱ्याचं दार बंद करून त्याला प्राणवायू देता यावा, म्हणून काही पिंजऱ्यांना छोटी ऑक्सिजनची नळकांडी असे. (पहिला अलार्म पुन्हा चालू करण्याची सोय होती म्हणायची.) 1986 मध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी तिची जागा घेतली.

ज्वालाग्राही वायूच्या सेन्सरची गोष्ट वेगळी. 1920 च्या दशकात कॅलिफोर्नियात ऑलिव्हर जॉन्सन यांनी तप्त प्लॅटिनमच्या तारेवर वायू जाळून मोजण्याची पद्धत बसवली. पुढे तार मण्यात गेली. एका मण्यावर उत्प्रेरक, दुसऱ्यावर नाही. वायू जळला की पहिला जास्त तापतो आणि दोघांच्या विद्युत रोधातल्या फरकावरून आकडा निघतो. जळायला ऑक्सिजन लागतो, हीच यातली गोम. ऑक्सिजन फार कमी असेल, तर वायू भरपूर असूनही आकडा कमी दिसू शकतो. बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी आधी ऑक्सिजन, मग ज्वालाग्राही, मग विषारी वायू, हा क्रम अमेरिकेच्या 1993 च्या नियमात आहे तो उगाच नाही.

आता अलार्मचे आकडे. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली किंवा 23.5 च्या वर गेला, की मीटर ओरडतो. साधी हवा 20.9 ची. ज्वालाग्राही वायूचे 10 टक्के म्हणजे हवेतला 10 टक्के वायू नव्हे. हवेत निदान जेवढा वायू असला की स्फोट होऊ शकतो, त्या खालच्या मर्यादेचा तो दहावा भाग. ही मर्यादा 5 टक्के धरली, तर हवेतला मिथेन फक्त अर्धा टक्का.

कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचे 35 आणि 200 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे इतके भाग) हे आकडे कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या शिफारशीतही आहेत: पहिला दिवसभराच्या सरासरीचा, दुसरा कधीच न ओलांडण्याचा. हायड्रोजन सल्फाइडचे 10 आणि 15 मला सर्वांत बोलके वाटतात. कामाच्या ठिकाणच्या मर्यादा सुचवणाऱ्या एसीजीआयएच या अमेरिकी संस्थेच्या ह्याच जुन्या मर्यादा: पहिली 8 तासांच्या सरासरीची, दुसरी 15 मिनिटांच्या. 2010 मध्ये तिने त्या 1 आणि 5 केल्या, तरी अनेक मीटर कारखान्यातून 10-15 वरच लावलेले येतात. म्हणून मीटर गप्प असणं म्हणजे आकडा शून्य असणं नव्हे.

मीटर हिशेबही ठेवतो. 15 मिनिटांची आणि 8 तासांची सरासरी वेगळी चालते. त्यामुळे माणूस मोकळ्या हवेत येतो, पडद्यावर शून्य दिसतं, तरी अलार्म वाजत राहू शकतो. तो मीटरचा बिघाड नसतो. आधीच छातीत गेलेल्या वायूचा तो हिशेब असतो.