मालक एकच, पण इंजिनं ज्याची त्याची

व्हॅन स्वेरिंगेन बंधूंच्या ताब्यातल्या निकेल प्लेट, पेअर मार्केट, चेसापीक अँड ओहायो या अमेरिकन रेल्वेंचा इंजिनताफा एकच होता, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. सामाईक होतं ते डिझाइन. १९२९ साली नेमलेली सल्लागार मेकॅनिकल समिती सगळ्यांसाठी आराखडे करायची. खरेदी, क्रमांक, मालकी मात्र प्रत्येकीची वेगळी.

त्यांची ‘बर्कशायर’ प्रकारची वाफेची इंजिनंच बघा ना! चालक चाकं सगळीकडे ६९ इंची, वाफेचा दाब दर चौरस इंचाला २४५ पौंड. पण निकेल प्लेटच्या सिलिंडरचा व्यास २५ इंच, पेअर मार्केटचा २६. चेसापीकने तर नावही बदललं: ‘कनावा’, वेस्ट व्हर्जिनियातल्या नदीवरून. निकेल प्लेटचं ७६५ क्रमांकाचं आणि पेअर मार्केटचं १२२५ क्रमांकाचं इंजिन आजही जपलेली आहेत. पहिल्या नजरेत कुणाचाही गोंधळ होईल, इतकी ती सारखी आहेत.