अ‍ॅक्रिलिक आणि ‘अ‍ॅक्रिलिक फिनिश’: चकचकीत ट्रॉल्यांमागचा घोळ

किचन ट्रॉल्यांचं कोटेशन हातात आलं की त्यात एक ओळ बहुतेक वेळा असतेच: ‘शटर – अ‍ॅक्रिलिक फिनिश’. शोरूममध्ये दोन शटर, म्हणजे ट्रॉलीची दारं, शेजारी शेजारी टांगलेली असतात. दोन्ही पांढरी, दोन्ही चकचकीत, आणि दरात मात्र डोळे विस्फारावेत इतका फरक. का म्हणून विचारलं तर सेल्समन सांगतो, ‘ते अ‍ॅक्रिलिक आहे, हे अ‍ॅक्रिलिक फिनिश.’ गिऱ्हाईक मान डोलावतं आणि घरी येऊन स्वस्तातलं निवडतं, कारण दिसायला दोन्ही सारखीच होती.

‘अ‍ॅक्रिलिक फिनिश’ म्हणजे बहुतेक ठिकाणी हाय-ग्लॉस लॅमिनेट, साध्या भाषेत चकचकीत सनमायका. कधी कधी त्याच नावाखाली पीव्हीसीचा किंवा पीईटीचा पातळ थर चढवलेला बोर्डही खपवला जातो. तो तिसराच प्रकार, त्याला इथे बाजूला ठेवू. सनमायका वाईट असते असं मुळीच नाही. फक्त पैसे मोजताना आपण नेमकं काय घेतोय ते माहीत असावं.

लॅमिनेट हा मुळात कागद. तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवतात, त्यांच्यावर रंगाचा किंवा लाकडाच्या रेषांचा कागद मेलामाइन रेझिनमध्ये भिजवून ठेवतात आणि सगळं मिळून गरम प्रेसमध्ये प्रचंड दाबाखाली एकजीव करतात. हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, सनमायकाचा कणखरपणा त्यातूनच येतो. शीट ८ बाय ४ फुटांची, शटरच्या बाहेरून लावायची ती साधारण १ मिलिमीटर जाडीची. भारतात या शीटसाठी आयएस २०४६ हे मानक आहे. शीट चकचकीत निघणार की मॅट, हे प्रेसमधल्या स्टीलच्या प्लेटवर ठरतं. प्लेट घासूनपुसून लख्ख केलेली असेल तर हाय-ग्लॉस, खरखरीत असेल तर स्वेड किंवा टेक्स्चर. म्हणजे सनमायकाची चमक हा त्या प्लेटचा ठसा असतो.

अ‍ॅक्रिलिक सलग प्लास्टिक असतं. रसायनशास्त्रातलं त्याचं छोटं नाव पीएमएमए. जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने १९३३ साली ते ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने आणलं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांमध्ये वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक आवरण याच पदार्थाचं असे. काचेसारखं आरपार, पण काचेहून बरंच हलकं. किचनच्या शटरवर येते ती साधारण १ ते २ मिलिमीटरची शीट. बऱ्याच शीटमध्ये वर अ‍ॅक्रिलिकचा पातळ पारदर्शक थर आणि खाली रंगीत एबीएस प्लास्टिक असतं. रंग आपल्याला त्या पारदर्शक थरातून दिसतो, म्हणून तो पृष्ठभागाच्या थोडा आत असल्यासारखा, खोल वाटतो. सनमायकाला ही खोली कधीच येत नाही.

दोन्हींतला दुसरा मोठा फरक चिकटवण्यात आहे. सनमायका सुतार तुमच्या घरी बसून प्लायवर डिंक लावून, वजन ठेवून चिकटवू शकतो. अ‍ॅक्रिलिकचं तसं करायला गेलं तर प्लायचा प्रत्येक उंचसखलपणा वर उमटतो, कारण इतक्या लख्ख पृष्ठभागावर काहीच लपत नाही. म्हणून ते कारखान्यातच, सपाट एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) किंवा त्याहून घट्ट, दमटपणा झेलणाऱ्या एचडीएचएमआर बोर्डवर प्रेस करून येतं. सुतार जर म्हणाला, ‘साहेब, अ‍ॅक्रिलिक इथेच चिकटवून देतो’, तर त्याला चहा पाजून हसत हसत नाही म्हणावं.

ओळखायचं कसं? शोरूमच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब शटरमध्ये बघा, तेही समोरून न बघता तिरकं. अ‍ॅक्रिलिकमध्ये नळीची कड सरळ, धारदार दिसते. सनमायकावर ती बारीक थरथरते, संत्र्याच्या सालीवर उजेड पडावा तशी. मग कडेला या. सनमायकाची कट केलेली कड जवळून पाहिली की क्राफ्ट कागदाची तपकिरी रेघ दिसते. एज बँड, म्हणजे कडेला चिकटवायची पट्टी, लावल्यावरही बँड आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये ती बारीकशी डोकावते. अ‍ॅक्रिलिकच्या कडेला वरपासून खालपर्यंत प्लास्टिकच. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे सॅम्पलचा तुकडा उलटा करून बघणं. मागून घासलेला तपकिरी कागद दिसला तर सनमायका, मग कॅटलॉगवर काहीही छापलेलं असो.

आता खरा प्रश्न, ही दोन्ही शटर आपल्या ओट्याशी कशी नांदतात.

उष्णतेपासून सुरुवात करू. पीएमएमए १०० अंश सेल्सिअसच्या थोडं वर मऊ पडायला लागतं. शटरवर कोणी तवा ठेवत नाही हे खरं, पण कुकर ओव्हरहेडच्या, म्हणजे ओट्यावरच्या कपाटाच्या, बरोबर खाली असेल आणि रोज त्याच्या शिट्टीची वाफ एकाच कोपऱ्यावर आदळत असेल, तर तिथे एज बँड आणि त्याखालचा गोंद आधी कुरकुरतात. शेगडीच्या अगदी शेजारच्या शटरलाही हेच लागू. सनमायका अशा ठिकाणी जास्त सोशीक. दोन्ही प्रकारांत आधी हरतो तो सांधाच, त्यामुळे बँड कुठल्या गोंदाने लावलाय हे विचारायला लाजू नका. पीयूआर गोंद उष्णता आणि पाणी दोन्ही चांगली झेलतो, साधा ईव्हीए गोंद गरमीत सैल पडतो. पांढऱ्या शटरच्या कडेला काही काळाने जी काळपट रेघ येते, ती बऱ्याचदा गोंदाच्या जाड रेषेत अडकलेली घाण असते.

पुसण्याच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त फसतात. सुतारांना सवय असते, सनमायकावर डिंकाचे डाग राहिले की थिनरच्या बोळ्याने पुसून टाकायचे. सनमायकाला त्याने काही होत नाही. तोच बोळा अ‍ॅक्रिलिकवर फिरला की चमक कायमची गेली. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन तर अ‍ॅक्रिलिक चक्क विरघळवतं. काच पुसायचे जे स्प्रे घरात असतात त्यांत अल्कोहोल किंवा अमोनिया असेल, तर कालांतराने पृष्ठभागावर केसाएवढे बारीक तडे उमटतात. अ‍ॅक्रिलिकला लागतं फक्त कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड आणि मऊ मायक्रोफायबरचं कापड. मदतीला येणाऱ्या मावशींना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. तारेची घासणी तर दोन्ही प्रकारांपासून लांबच ठेवावी.

ओरखड्यांचं गणित जरा उलटं आहे. मेलामाइनचा थर अ‍ॅक्रिलिकपेक्षा कडक, त्यामुळे सनमायकावर ओरखडा सहजी उठत नाही. पण चकचकीत सनमायकावर एकदा उठला की तो जन्माचा सोबती, कारण घासायला गेलं तर वरचा थरच जातो आणि खाली छापील कागद. अ‍ॅक्रिलिकवर बारीक रेघा लवकर पडतात. मात्र रंग खालच्या थरात असल्यामुळे पॉलिशिंग कंपाउंड लावून बफिंग केलं की हलक्या रेघा निघून जातात. खोल ओरखडा मात्र तिथेही राहतोच.

हळदीची भीती दोन्हीकडे थोडी जास्तच बाळगली जाते. गुळगुळीत शटरच्या सपाटीत हळद मुरत नाही, लगेच पुसली की झालं. ती अडकते सांध्यात आणि टेक्स्चरच्या खाचांत. फोडणीच्या तेलाचा जो चिकट थर हळूहळू साठतो, तो चकचकीत पृष्ठभागावर दिसतोही लवकर आणि निघतोही लवकर. खरखरीत मॅटवर नेमकं याच्या उलट, आणि फॅशन सध्या मॅटची आहे.

एके काळी मराठी घरात स्वयंपाकघराचा रंग ठरवायचा प्रश्नच नव्हता. काळ्या कडप्प्याचा ओटा, भिंतीला पांढऱ्या टाइल्स, वर स्टीलची मांडणी, ओट्याखाली पडदा किंवा लाकडी दारं. मग ग्रॅनाइट आलं, स्टीलच्या ट्रॉल्या आल्या, त्यांना सनमायकाची दारं लागली. २००० नंतर पुण्या-ठाण्या-नाशिकच्या नव्या फ्लॅटमध्ये लाल, वाइन, जांभळ्या, केशरी चकचकीत सनमायकाची लाट होती. सोबत टाइल्सवर फळांची आणि कपबश्यांची चित्रं. त्यानंतर अ‍ॅक्रिलिक आलं आणि रंग सौम्य झाले: पांढरा, आयव्हरी, शॅम्पेन. इतक्या लख्ख पृष्ठभागावर भडक रंग अंगावर येतो, म्हणूनही असेल. आता कॅटलॉग उघडलं की करडा, बेज, सेज ग्रीन, लाकडी रेषा. वरची शटर फिकी, खालची गडद, हँडल गायब आणि त्याजागी जी-प्रोफाइल, म्हणजे शटर ओढायला बोटं अडकवायची खाच.

चमक मागे का पडली? ओपन किचन हॉलमधून दिसायला लागलं आणि ओव्हरहेडच्या खाली एलईडीच्या पट्ट्या आल्या. चकचकीत शटरमध्ये त्या पट्टीचा प्रत्येक ठिपका वेगळा चमकतो, समोर सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यात जातो. हे झालं सांगण्यासारखं कारण. माझा स्वतःचा अंदाज जरा खवचट आहे. चकचकीत सनमायका अ‍ॅक्रिलिकची इतकी बेमालूम नक्कल करू लागली, की जास्त पैसे मोजणाऱ्याचं किचन वेगळं दिसेना. मग महागड्या बाजूने चमकच सोडून दिली.

मॅटमध्ये मात्र वरची ओळखायची युक्ती कोलमडते. मॅट अ‍ॅक्रिलिक आणि सुपर-मॅट सनमायका या दोन्हींत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतच नाही. त्यात इटलीच्या आर्पा कंपनीने २०१३ मध्ये ‘फेनिक्स’ नावाची शीट आणली. तिचा गाभा लॅमिनेटसारखा कागद आणि रेझिनचा, आणि वरचा पृष्ठभाग इलेक्ट्रॉन बीमने घट्ट केलेल्या अ‍ॅक्रिलिक रेझिनचा. तिच्यावर बोटांचे ठसे फारसे उमटत नाहीत, आणि बारीक ओरखडे ओलसर कापड ठेवून इस्त्रीची ऊब दिली की भरून येतात. मग हिला लॅमिनेट म्हणायचं की अ‍ॅक्रिलिक? बाजारात तिच्यासारखं दिसणारं बरंच काही ‘अँटी-फिंगरप्रिंट’ म्हणून विकलं जातं, आणि त्यातलं सगळंच तसं वागत नाही. सॅम्पलवर तेलाचं बोट टेकवून, कोरड्या कापडाने पुसून बघा. गडद निळ्या किंवा काळ्या मॅटवर साधी सनमायका लगेच उघडी पडते.

चमक असो वा मॅट, खालच्या बोर्डला कोणतंही फिनिश वाचवत नाही. कोकणात, गोव्यात किंवा पावसाळ्यात भिंती घाम गाळतात अशा कुठल्याही घरात सिंकखालचं एमडीएफ फुगतं ते कडेकडून, वरची शीट कितीही महागडी असली तरी. सिंकच्या बॉक्सला आयएस ७१० चं, म्हणजे पाणी झेलणारं मरीन प्लाय लावावं. अ‍ॅक्रिलिकला मात्र सपाट एमडीएफ हवं असतं, त्यामुळे बॉक्स प्लायचा आणि शटर बोर्डचं, अशी वाटणी करावी लागते. कोटेशनमध्ये या दोन गोष्टी दोन वेगळ्या ओळींवर लिहून घ्या. शटरची आतली बाजू विसरू नका: बाहेर अ‍ॅक्रिलिक आणि आत उघडा बोर्ड असेल तर शटर बाकतं. आतून तोलाचा लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट, असायलाच हवा.

माझ्या घरी आज करायचं झालं तर खालची सगळी शटर मध्यम रंगाच्या स्वेड सनमायकाची घेईन, कारण पाणी, गुडघे आणि मुलांची खेळणी तिथेच आदळतात. अ‍ॅक्रिलिकची हौस असलीच तर वर, शेगडीपासून लांब, जिथे हात कमी लागतो. रंग निवडताना आणखी एक बघेन: शेड नंबर. कंपन्या कॅटलॉग बदलतात, शेड बंद होतात, आणि काही वर्षांनी एकच शटर बदलायची वेळ आली की शेजारच्याशी जुळणारं मिळत नाही. सनमायकाची एक जादा शीट माळ्यावर ठेवता येते. अ‍ॅक्रिलिकच्या बाबतीत ते जमत नाही, प्रेस केलेलं जादा शटरच करून ठेवावं लागतं.

अ‍ॅक्रिलिक घेतलंतच, तर त्यावरची संरक्षक फिल्म सुतार, प्लंबर आणि रंगारी घराबाहेर पडेपर्यंत काढू देऊ नका. पण नंतर ‘नवं राहील’ म्हणून ती महिनोन्महिने तशीच ठेवूही नका. शेगडीच्या उबेने तिचा गोंद शटरलाच धरतो, आणि मग तो काढायला कोणीतरी थिनरची बाटली घेऊन येतं.