सेंटमध्ये मेल दिसत नाही? अकाउंट काढण्याआधी हे वाचा

आमच्याकडे कंपनीच्या नावाचा मेल घेतलेल्या सर्व ग्राहकांना नमस्कार.

आठवड्यातून तीन-चार फोन तरी एकाच गोष्टीसाठी येतात: सेंटमध्ये, म्हणजे पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये, मेल दिसत नाही. "अहो, मेल पाठवला, पार्टीचं उत्तरपण आलं, पण सेंटमध्ये काहीच न्हाई बघा." कधी बेळगावच्या उद्यमबागेतून, कधी शहापुरातून, कधी निपाणीच्या पेढीवरून. दरवेळी फोनवर घाईत सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हा कागद छापला. कॉम्प्युटरशेजारी भिंतीला लावून ठेवलात तर बरं.

मेल पाठवणं आणि पाठवलेल्याची प्रत ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. सेंड दाबलं की आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा मेलचा प्रोग्रॅम एसएमटीपीने, म्हणजे मेल पाठवायच्या पद्धतीने, ४६५ किंवा ५८७ पोर्टवरून मेल आमच्या सर्व्हरच्या हवाली करतो. सर्व्हर तो पुढे धाडून मोकळा होतो. मग तोच प्रोग्रॅम आयमॅपच्या, म्हणजे सर्व्हरवरचे फोल्डर हाताळायच्या पद्धतीच्या, ९९३ पोर्टवरून मेलची प्रत सेंट फोल्डरमध्ये नेऊन ठेवतो. पोस्टाने पत्र पाठवलं तरी ऑफिस कॉपी फाइलला आपल्यालाच लावावी लागते, तसं. म्हणजे १५ एमबीचं ड्रॉइंग जोडलं तर ते तुमच्या लाइनवरून दोनदा वर चढतं, तेही दर खेपेला साधारण २० एमबीचं होऊन, कारण मेलमध्ये घालताना फाइल एक तृतीयांशाने फुगते. पहिली खेप झाली आणि दुसऱ्या खेपेला वीज गेली, की पार्टीला मेल पोचलेला असतो आणि तुमच्याकडे प्रत नसते. मेलबॉक्स भरला असेल तरी हेच होतं. तेव्हा सेंटमध्ये दिसत नाही म्हणून बिल लगेच पुन्हा पाठवू नका. पार्टीकडे एकाच बिलाच्या दोन नोंदी होतात आणि ते निस्तरायला तुमचाच दिवस जातो.

"जीमेलला असं कधी होत नाही, तुमच्याकडेच का?" असं बरेच जण विचारतात. जीमेलच्या एसएमटीपीतून गेलेल्या मेलची प्रत जीमेलचा सर्व्हर आपणहून ठेवतो. आम्ही ती सोय मुद्दाम बंद ठेवली आहे. आउटलुक, थंडरबर्ड, मोबाइल हे सगळे प्रत ठेवतातच. सर्व्हरनेही ठेवली तर पाठवलेला प्रत्येक मेल दोनदा दिसेल आणि तुम्ही पैसे मोजून घेतलेली जागा लवकर भरेल.

बहुतेक वेळा प्रत हरवलेली नसतेच, दुसऱ्या फोल्डरमध्ये पडलेली असते. थंडरबर्डचा फोल्डर 'सेंट', आउटलुकचा 'सेंट आयटम्स', आयफोनचा बऱ्याचदा 'सेंट मेसेजेस'. पाठवलेल्या मेलचा फोल्डर कोणता, हे सर्व्हरनेच प्रोग्रॅमला सांगायची पद्धत २०११ मध्ये ठरली, पण जुने मेलबॉक्स आणि जुने प्रोग्रॅम अजून आपापल्या नावाने फोल्डर बनवतात. मालक मोबाइलवरून पाठवतात, अकाउंटंट आउटलुकमध्ये शोधतात, आणि मेल तिसऱ्याच ठिकाणी असतो. म्हणून आधी ब्राउझरमध्ये वेबमेल उघडा. पत्ता तुमच्या बिलावर छापलेला आहे. सर्व्हरवर खरोखर काय आहे ते तिथे दिसतं. तिथे सापडलं, तर फोल्डरची जोडणी आम्ही फोनवरच दहा मिनिटांत करून देतो.

आता ज्या एका चुकीसाठी हा कागद काढला ती. सेंट दिसेना की लोक अकाउंट काढून टाकतात आणि नव्याने घालतात. कुणीतरी सांगितलेलं असतं, "रिमूव्ह करून परत टाका, येतंय." इनबॉक्स परत येतो, कारण तो सर्व्हरवर असतो. सेंट येईलच असं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका फाउंड्रीच्या ऑफिसात गेलो होतो. अकाउंटंट ताईंनी फोन करायच्या आधीच अकाउंट काढून पुन्हा जोडलं होतं. आउटलुकमध्ये त्यांच्या सेंट आयटम्सच्या नावापुढे कित्येक महिने 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं दिसत होतं, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. त्याचा अर्थ सरळ आहे: ही प्रत फक्त याच मशीनवर आहे, सर्व्हरवर नाही. अकाउंट काढताना आउटलुकने साठवलेला मजकूर पुसला जाईल, चालेल का, असं विचारलंही होतं. येस दाबलं गेलं. आठ महिन्यांची कोटेशनं, ड्रॉइंगवरचा पत्रव्यवहार, सगळं गेलं. ताई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. शेवटी आम्ही पार्ट्यांच्या उत्तरांतून, खाली चिकटून आलेल्या जुन्या मजकुरातून जमेल तेवढं गोळा केलं. तीन दिवस लागले, आणि अर्ध्याहून अधिक काही मिळालं नाही. तसे शब्द दिसले तर कशालाही हात न लावता आम्हाला कळवा. अकाउंट जाग्यावर असताना ते मेल सर्व्हरवर सरकवणं हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

ज्यांच्याकडे अजून पॉप सेटिंग आहे त्यांनी जास्त जपावं. पॉप फक्त आलेले मेल उतरवून घेतं. पाठवलेल्यांची प्रत सर्व्हरवर जायला त्यात वाटच नाही. आउटलुक असेल तर सगळं त्या एका कॉम्प्युटरवरच्या पीएसटी या साठवणीच्या फाइलमध्ये असतं, आणि ती बहुधा डॉक्युमेंट्सच्या आत 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरमध्ये सापडते. विंडोज नव्याने घालणारा मेकॅनिक डेस्कटॉप आणि डी ड्राइव्ह जपून ठेवतो आणि हीच फाइल राहून जाते. फॉरमॅटला मशीन देण्याआधी ती पेन ड्राइव्हवर काढून घ्या. पॉपवरून आयमॅपवर यायला आम्ही सांगतो तेव्हा "जास्त जागा विकायची असेल" असं काहींना वाटतं. जागा जास्त लागते हे खरं आहे. पण मशीन बिघडलं तरी पत्रव्यवहार सर्व्हरवर राहतो, आणि ही बदली आम्ही मेलच्या ग्राहकांना वेगळा आकार न लावता करून देतो.

टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममधून थेट पाठवलेलं बिल आमच्या सेंटमध्ये कधीच दिसणार नाही. टॅलीला पाठवण्यापुरतं एसएमटीपी माहीत असतं. प्रत ठेवायचं काम तिथे कुणी करत नाही. स्कॅनरमधून मेल होणाऱ्या कागदांचंही तसंच. टॅलीत मेल पाठवताना सीसीच्या रकान्यात स्वतःचा पत्ता घाला, प्रत इनबॉक्समध्ये येईल. आणि आमचा पत्ता जीमेलमध्ये जोडून तिथून पाठवत असाल, तर प्रत त्या जीमेलच्या सेंटमध्ये शोधा.

"तुमच्या सर्व्हरवरून काढून द्या की" हीही मागणी नेहमीची. आमच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, वेळ, पाठवणारा, घेणारा आणि पुढच्या सर्व्हरचं उत्तर एवढंच असतं. तिथे २५० हा आकडा असेल तर समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारला. पार्टी "आलाच नाही" म्हणाली तर ती ओळ आम्ही लिहून देतो, तिच्या आधाराने त्यांच्या स्पॅम फोल्डरमध्ये शोधायला सांगता येतं. मेलचा मजकूर मात्र लॉगमध्ये नसतो. तुमची पत्रं आम्ही बाजूला साठवून ठेवत नाही, आणि ठेवूही नयेत असं आमचं मत आहे. ज्यांना साठवण हवी आहे, एक्साइज-जीएसटीची जुनी प्रकरणं ज्यांची अजून चालू आहेत, त्यांच्यासाठी वार्षिक बॅकअपची वेगळी सोय आहे. दर विचारून घ्या.

लॉग आम्ही ३० दिवस ठेवतो, त्यामुळे उशीर करू नका. फोन करताना चार गोष्टी जवळ असू द्या: कोणत्या पत्त्यावर पाठवला, साधारण किती वाजता, मोबाइलवरून की कॉम्प्युटरवरून, आणि वेबमेलमध्ये दिसतो का. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, नंबर बिलावर आहे. खानापूर, चंदगडकडच्या ग्राहकांकडे शक्यतो त्याच दिवशी दूरवरून मशीन बघतो, त्यासाठी तुम्हाला बेळगावला यावं लागत नाही.